कोडबाहेर काय ठेवावे आणि काय ठेवू नये

सांगलीच्या मार्केट यार्डात निघणाऱ्या हळदीच्या सौद्यांचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या प्रणालीत सौद्याची नोंद, वजन, शेतकऱ्याची पट्टी आणि पैसे वर्ग करणे ही कामे वेगवेगळ्या मायक्रोसर्व्हिस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे छोटे प्रोग्राम, करतात. प्रत्येकीला डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, दुसऱ्या सर्व्हिसच्या उत्तराची किती वेळ वाट पाहायची याची मर्यादा असे काही ना काही लागतेच, आणि ही मूल्ये चाचणीच्या सर्व्हरवर एक तर प्रत्यक्ष वापरात दुसरीच असतात. ती कोडबाहेर असावीत, याबद्दल आता दुमत राहिलेले नाही. हिरोकू या क्लाउड सेवेच्या अभियंत्यांनी मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या बारा तत्त्वांमधील कसोटी मला आजही सर्वांत नेमकी वाटते: सगळा कोड या क्षणी जगाला खुला केला, तरी एकही गुपित उघडे पडता कामा नये.

खरा प्रश्न आहे तो बाहेर काय न्यायचे, याचा. अडत, हमाली, तोलाई यांचे दर अधूनमधून बदलतात, म्हणून तेही वरच्या मूल्यांसोबत कोडबाहेरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये टाकण्याचा मोह होतो, आणि मी त्याला ठामपणे विरोध करतो. मागच्या हंगामातील पट्टी आज पुन्हा छापायची झाली, तर तिच्यावर त्या दिवशीचा दर यायला हवा. कॉन्फिगरेशनला मात्र फक्त आत्ताचे मूल्य ठाऊक असते. फाइल गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या साधनात, असली तर जुने दर तिथे सापडतात हे खरे, पण चालू असलेली सर्व्हिस गिटचा इतिहास वाचून हिशेब करत नाही. असे दर ‘लागू दिनांक’ या रकान्यासह डेटाबेसच्या तक्त्यातच असावेत.

उरलेल्या मूल्यांसाठी स्प्रिंग क्लाउड कॉन्फिगसारखा, सर्व सर्व्हिसना मूल्ये पुरवणारा, गिटवर आधारलेला सर्व्हर उत्तम चालतो. तिथे मूल्य बदलले म्हणून आधीच सुरू असलेल्या सर्व्हिसला ते आपोआप कळत नाही. तिला रिफ्रेशची, म्हणजे मूल्ये पुन्हा वाचण्याची, सूचना द्यावी लागते, आणि एकाच सर्व्हिसच्या अनेक प्रती चालू असतील तर ती प्रत्येकीपर्यंत पोहोचावी लागते. सर्व्हिसच्या प्रती चालवणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीतही कॉन्फिगमॅप (मूल्यांचा संच) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून, म्हणजे प्रोग्राम सुरू होतानाच मिळणारे मूल्य म्हणून, दिला, तर पॉड (सर्व्हिसची चालू प्रत) नव्याने सुरू होईपर्यंत जुनेच मूल्य राहते. व्हॉल्यूम, म्हणजे फाइलींचा फोल्डर, म्हणून जोडला तर फाइल काही वेळाने बदलते, पण सबपाथ वापरून त्यातली एखादीच फाइल जोडली असेल तर तीही बदलत नाही. तिथे गुपिते ठेवण्यासाठी असलेल्या सीक्रेटमधील बेस६४ ही कोणालाही सहज उलगडता येणारी लेखनपद्धत म्हणजे कूटबद्धीकरण नव्हे, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

म्हणून सौदे संपल्यावर एकेक प्रत क्रमाने नव्याने सुरू करणे, हीच पद्धत मी पसंत करतो. सुरू होताना एखादे आवश्यक मूल्य मिळाले नाही, तर सर्व्हिसने पर्यायी मूल्य गृहीत न धरता नेमके काय मिळाले नाही ते लॉगमध्ये लिहून तिथेच थांबावे, कारण चाचणीच्या डेटाबेसचा पत्ता गृहीत धरून ती चालू झाली, तर दिवसभराची वजने भलतीकडेच नोंदली जातील आणि पट्ट्या अडकून पडतील.