ती नळी २० मिनिटं का ठेवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. साप चावलेला पेशंट आला की मी २ मिली रक्त काचेच्या नळीत घेते, स्टँडला लावते आणि घड्याळ बघत बसते, आणि हमखास कोणीतरी नातेवाईक येऊन म्हणतो, मॅडम, माणूस तिकडे तळमळतोय आणि तुम्ही नळी काय बघत बसलाय?

बघायचं एवढंच, २० मिनिटं हात न लावता मग तिरकी केली की रक्ताची गुठळी जागच्या जागी राहते की सगळं पाण्यासारखं वाहतं. वाहिलं तर समजायचं, घोणस किंवा फुरसं चावलंय. (आधीच कुठून रक्त येत असेल तर डॉक्टर नळीसाठी थांबत नाहीत, सापाच्या विषावरचं इंजेक्शन लगेच सुरू होतं. आणि नाग-मण्यारच्या बाबतीत ही नळी काहीच सांगत नाही.)

आता सगळ्यांना वाटतं विषानं रक्त पातळ केलं. डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करताना मलाही तसंच वाटायचं. पण आहे उलटं. रक्त गोठवणारी एन्झाइम्स (त्यांना नंबर देऊन फॅक्टर म्हणतात) एरवी झोपलेली असतात, जखम झाली की एक दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, असं करत फॅक्टर टेन जागा होतो, तो प्रोथ्रॉम्बिन कापून थ्रॉम्बिन करतो आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे, त्यांचीच जाळी म्हणजे गुठळी. घोणशीच्या विषातलं एन्झाइम मधल्या पायऱ्या सोडून डायरेक्ट फॅक्टर टेनलाच उठवतं, दुसरं एक फॅक्टर फाइव्हला, फुरसं तर त्याच्याही पुढे, थेट प्रोथ्रॉम्बिनवर. मग जखम नसताना अंगभर धागे बनत राहतात, शरीर ते विरघळवतही राहतं, आणि काही तासांतच फायब्रिनोजेनचा साठाच खलास. हिरड्यांतून रक्त यायला लागतं तेव्हा गुठळी करायला मालच उरलेला नसतो.

इंजेक्शन विषाला धरतं, फायब्रिनोजेन आणून देत नाही. ते लिव्हरनं बनवायचं, त्याला वेळ लागतो, म्हणून ६ तासांनी परत नळी.

आणि नळी काचेचीच, प्लास्टिकची नाही, कारण काचेला लागलं की फॅक्टर ट्वेल्व जागा होतो आणि तिथून साखळी सुरू होते. १९५५ साली अमेरिकेत हा फॅक्टर सापडला तो हेगमन नावाच्या रेल्वेतल्या माणसामुळे, त्याचं रक्त काचेच्या नळीत लवकर गोठायचंच नाही पण जखमेतून मात्र जास्त वाहायचंही नाही, आणि गंमत म्हणजे १९६८ मध्ये तो गेला तो फुफ्फुसात गुठळी अडकून! म्हणजे काचेवर जे चालतं ते शरीरात तसंच चालतं असं नाही, पण टेस्टला काच लागतेच. एकदा नवीन मुलानं नळ्या सर्फनं धुतल्या होत्या, धडधाकट माणसाचं रक्त गोठेना. तेव्हापासून शंका आली की सोबत आलेल्याचंही रक्त शेजारच्या नळीत लावते.

परवा असंच विचारणाऱ्या पेशंटच्या भावाचंच घेतलं. त्याचं गोठलं, पेशंटचं वाहिलं, तो बघतच राहिला. ६ तासांनी स्वतःच आला, मॅडम, नळी लावायची ना परत?