गुणतक्त्यातून वाचलेला रॅलीचा हंगाम

राष्ट्रीय कार रॅली अजिंक्यपद स्पर्धेचा हंगाम सुरू झाला की मोबाइलवर हवेत उडालेल्या गाड्यांच्या चित्रफिती फिरू लागतात, आणि ज्याची उडी सर्वांत लांब तोच यंदाचा विजेता, असा समज सोलापुरातल्या कट्ट्यांवरही पक्का होतो. माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा असल्यामुळे मी उड्यांपेक्षा गुणतक्त्याकडे अधिक पाहतो आणि तिथे वेगळेच चित्र दिसते. पहिल्या दहा जणांना २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २ आणि १ असे गुण देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत धरली, तर चार फेऱ्यांपैकी (प्रत्येक फेरी म्हणजे एक स्वतंत्र रॅली) दोन जिंकून उरलेल्या दोन्हींत गाडी मोडून बसणाऱ्याचे ५० गुण होतात. चारही फेऱ्यांत निमूटपणे तिसरा येणारा मात्र ६० गुण घेऊन त्याच्या पुढे निघून जातो. हंगाम मोजक्याच फेऱ्यांचा असल्याने एका शून्याची भरपाई करायला पुढे जागाच उरत नाही.

ही स्पर्धा १९८८ पासून चालू आहे आणि तिचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था करते. सुरुवातीच्या काळावर मारुती जिप्सीचे राज्य होते, आणि ती गाडी पळवून पाच वेळा राष्ट्रीय विजेते ठरलेले चंडीगडचे हरी सिंग हे माझ्या पिढीच्या रॅलीवेड्यांचे दैवत होते. जिप्सीला पुढेमागे पाट्यांचे स्प्रिंग. आरामाच्या दृष्टीने गाडी बैलगाडीच्या जवळची, पण मार खाऊन उभी राहणारी. होटगी रस्त्यावरचे आमचे मिस्त्री तिच्याविषयी बोलताना नेहमी सांगतात, ‘‘इंजिन कोन पन बांधतंय की काका, गाडी घरापत्तूर आणतंय ते खालचं काम!’’ गुणतक्ता तरी दुसरे काय सांगतो?

रॅली ही सर्किटवरच्या शर्यतीसारखी एकमेकांना मागे टाकण्याची स्पर्धा नव्हे. रहदारीसाठी पूर्ण बंद केलेल्या रस्त्याच्या एकेका तुकड्यावर, म्हणजे स्पेशल स्टेजवर, गाड्या ठरावीक अंतराने एकेक करून सोडल्या जातात आणि प्रत्येकीची वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजली जाते. एका स्टेजकडून दुसरीकडे जाताना मात्र त्याच गाडीला सामान्य रस्त्याने, सिग्नल आणि वेगमर्यादा पाळत, ट्रक आणि दुचाकींच्या गर्दीतून जावे लागते, आणि ठरलेल्या मिनिटाला टाइम कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवणाऱ्या नाक्यावर, हजेरी द्यावी लागते. तिथे पोहोचायला उशीर झाला तर दर मिनिटामागे १० सेकंदांचा दंड बसतो, आणि वेळेआधी हजर झाले तर दर मिनिटामागे चक्क एका मिनिटाचा. उतावळेपणाला दिरंगाईच्या सहापट शिक्षा करणारा हा नियम मला फार आवडतो. स्टेजवर जीव धोक्यात घालून वाचवलेले सेकंद टाइम कंट्रोलच्या टेबलावर घड्याळ चुकीचे वाचल्यामुळे जातात, तेव्हा ते कोणत्याही चित्रफितीत दिसत नाहीत. निकालाच्या कागदावर दंडाच्या रकान्यात तेवढे उमटतात.

हे घड्याळ सांभाळणारा माणूस, म्हणजे सहचालक, डावीकडच्या आसनावर बसतो, आणि माझ्या मते हंगाम अर्धा तरी त्याच्या वहीत ठरतो. स्पर्धेपूर्वी रेकी असते. त्या वेळी दोघेजण साध्या गाडीतून, मर्यादित वेगाने तोच रस्ता पाहून घेतात. पहिल्या खेपेला चालक प्रत्येक वळणाचे वर्णन बोलत जातो आणि सहचालक ते लिहून घेतो, तर पुढच्या खेपेला लिहिलेले पडताळून पाहिले जाते. मग प्रत्यक्ष स्टेजवर हेल्मेटमधल्या इंटरकॉममधून ‘राइट फोर, हंड्रेड, लेफ्ट थ्री, डोण्ट कट’ अशी सूचना एका लयीत चालकाच्या कानावर पडत राहते. म्हणजे उजवीकडे मध्यम वळण, मग शंभर मीटर सरळ, मग डावीकडे त्याहून आवळ वळण, आणि तिथे आतल्या कडेला चाक घालायचे नाही, कारण दगड आहे. सूचना लवकर आली तर चालक ती विसरतो आणि उशिरा आली तर वळण निघून गेलेले असते. गाडी उसळत असताना, मान खाली घालून, पुढचा रस्ता न पाहता वाचत राहणे हे काम किती कठीण आहे, याची कल्पना ज्याला घाटात मोबाइल पाहिला तरी मळमळते त्याला पटकन येईल. रॅलीचालक गौरव गिल यांना २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि मोटारस्पोर्टमधल्या खेळाडूला मिळालेला तो पहिला अर्जुन पुरस्कार होता, हे सर्वांना ठाऊक असते. राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षे त्यांच्या शेजारी बसून वही वाचणारे कासरगोडचे मुसा शरीफ मात्र किती जणांना ठाऊक आहेत?

मुरमाचा स्वभाव आपल्याकडे कुणाला वेगळा सांगायला नको. कोरड्या मुरमाच्या रस्त्यावर सर्वांत आधी सुटणाऱ्या गाडीला वरची सुटी खडी झाडत जावे लागते, त्यामुळे तिची पकड कमी राहते आणि मागून येणाऱ्यांना तुलनेने स्वच्छ चाकोरी मिळते. मात्र वारा पडलेला असेल तर तेच मागचे पुढच्याच्या धुळीत आंधळे होतात, आणि मग दोन गाड्यांमधले अंतर वाढवावे लागते. पाऊस पडला की हिशेब उलटतो आणि आधी जाणाऱ्याची चैन होते.

सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे स्टेजच्या मधल्या वेळात गाड्या दुरुस्त करण्याच्या जागेत, तर मी तासन् तास उभा राहू शकतो. गाडी आत येते, ताडपत्रीवर उभी राहते, आणि ठरवून दिलेल्या वीस-तीस मिनिटांत तिच्याखाली तीन-चार जण शिरतात. तापलेला सायलेन्सर हाताला लागू नये म्हणून कोपरापर्यंतचे हातमोजे, छातीवर बॅटरी, आणि सुटलेला प्रत्येक नटबोल्ट एकाच ट्रेमध्ये, कारण मातीत पडलेला बोल्ट शोधायला वेळ नसतो. त्या वेळात अख्खा गिअरबॉक्स बदललेला मी पाहिला आहे. शेवटच्या दोन मिनिटांत मात्र कुणी बोलत नाही. सहचालक घड्याळ धरून आकडे म्हणतो तेवढेच.

या खेळाची काळी बाजू लपवण्यात अर्थ नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात बंद केलेल्या स्टेजवर एक मोटारसायकल आली आणि स्पर्धेतल्या गाडीची धडक बसून एकाच कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. गाडीत बसणाऱ्यांसाठी रोलकेज, म्हणजे गाडी उलटली तरी छत न चेपू देणारा लोखंडी पिंजरा, आहे, हेल्मेट आहे, अपघातानंतर मागच्यांना दाखवायचा ‘ओके’ आणि ‘एसओएस’ असा दुतर्फा फलक आहे, आणि ‘एसओएस’ दिसल्यास मागच्या गाडीने थांबलेच पाहिजे असा सक्त नियम आहे. ज्याच्या शेताची वाट त्या स्टेजमधून जाते त्याच्यासाठी मात्र एक पट्टी आणि शिट्टी घेतलेला एखादा स्वयंसेवक, एवढेच असते. आयोजकांनी गावोगावी जाऊन केलेली जागृती कमी पडते, हे माझे स्पष्ट मत आहे.

चेन्नई, कोइंबतूर, बंगळूर आणि चिकमगळूर ही या स्पर्धेची परिचित ठिकाणे, आणि महाराष्ट्रात नाशिकला ती येऊन गेलेली आहे. म्हणजे सोलापूरकराला प्रवास चुकत नाही. चिकमगळूरला जायचे असेल तर विजापूर, हुबळी, दावणगेरे या मार्गाने जावे आणि आदल्या दिवशीच मुक्कामाला पोहोचावे, कारण स्टेजचा रस्ता पहिली गाडी सुटण्याच्या बराच आधी बंद होतो. उभे राहताना वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही थांबू नये. रस्त्यापेक्षा उंच, मागे पळायला वाट असलेली जागा निवडावी. स्पर्धकांच्या आधी रस्ता तपासत जाणारी शून्य क्रमांकाची गाडी गेल्यानंतर रस्ता ओलांडू नये, आणि शेवटी सर्वांच्या मागून येणारी स्वीपर गाडी गेल्याशिवाय पट्टीच्या आत पाऊल टाकू नये. सोबत पाणी आणि धुळीसाठी उपरणे असू द्यावे.