गंगापूर धरणाजवळ व्हॅन लावताय? आधी मीटर, मग पैसे

नाशिकजवळ गंगापूर धरणापाशी राहायची व्हॅन मुक्कामाला लावून तिला वीज जोडायची होती. जागेच्या मॅनेजरनं फोनवर सांगितलं होतं, 'अर्थिंगसकट सोळा अँपियरचा पॉइंट, विजेचे वेगळे आठशे.' प्रत्यक्षात पंपहाउसवरून ओढलेली वायर, बांबूला ठोकलेला बोर्ड, वर फाटकं प्लास्टिक आणि श्रावणातली रिपरिप.

प्लग लावण्याआधी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावलं. फेज (जिवंत वायर) ते न्यूट्रल (परतीची वायर) 226 व्होल्ट, उत्तम. फेज-अर्थलाही तेवढंच दिसायला हवं, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. इथे फेज-अर्थ नव्वद ते एकशेदहामध्ये डोलत होतं. मॅनेजर म्हणे, "साहेब, टेस्टर पेटतोय ना, मग झालं!" अहो, टेस्टर फेज दाखवतो, अर्थिंगचं त्याला काय कळणार? होल्डरमधला साठ वॉटचा बल्ब फेज आणि अर्थला जोडला. अर्थ खरा असता तर पेटला असता. ढिम्म. मेन पाडून बोर्ड उघडायला लावला, तर अर्थची हिरवी वायर मागे गुंडाळून टेप मारलेली.

अशा पॉइंटवर व्हॅनच्या बॅटरीचा चार्जर लावलात की त्याच्या आतल्या फिल्टरमधून व्हॅनच्या पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज येतं. बोटांना झिणझिण्या येतात, लोक 'दमट हवा आहे' म्हणून सोडून देतात. आत कुठे वायर सोलून पत्र्याला लागली, तर पत्र्यावर पूर्ण 230 आणि तुम्ही चिखलात अनवाणी. 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट न्यूट्रलनं परत न येता अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) वाचवू शकतो, पण इथे तोही नव्हता. आठशे परत मिळवायला पाऊण तास भांडलो आणि रात्र स्वतःच्या बॅटरीवर काढली. पंखासुद्धा जपून.

मीटरबद्दल. रस्त्यावर मिळणारं पिवळं '830' मॉडेलचं मीटर एसी व्होल्टच्या 750 रेंजवर ठेवलं तर आकडा दाखवतं, 200 वर कधीच नको. पण मेन्सच्या कामाला मला ते पसंत नाही. मीटरवर आणि त्याच्या वायरींवरही कॅट थ्री (मेन्सच्या वायरिंगवर वापरायची सुरक्षा श्रेणी) 600 व्होल्ट छापलेलं घ्या. साधा, म्हणजे शुद्ध साइन वेव्ह न देणारा इन्व्हर्टर असेल तर 'ट्रू आरएमएस' लिहिलेलं मीटरच, नाहीतर आकडे चुकतात. क्लॅम्प मीटर घेतलंत तर अँपियरही कळतात, फक्त क्लॅम्प एकाच वायरीभोवती लावा. अख्ख्या केबलभोवती लावलात तर शून्य दिसेल. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर पटकन बघायला बरा, पण न्यूट्रल आणि अर्थ उलटे जोडलेले असतील तर त्याला पत्ता लागत नाही. त्याच्यावर विसंबून कोणी व्हॅन लावत असेल तर माझ्या मते तो मूर्ख आहे.

सगळं ठीक दिसलं तरी किटली लावून व्होल्टेज बघा. 226 वरून 195 वर आलं तर वायर बारीक किंवा जोड सैल. व्हॅनमधला गारव्याचा एसी विसरा. जिवंत वायरीत हात घालायची सवय नसेल तर बल्बची चाचणी स्वतः करू नका, वायरमन बोलवा.

त्र्यंबक, अंजनेरी, मिसळ सगळं छान झालं. पुढच्या मुक्कामी त्र्यंबक रस्त्यावर बल्ब जोडताक्षणी आरसीसीबी पडला, अर्ध्या बंगल्याची वीज गेली. मालक वैतागून बाहेर आला. अर्थही शाबूत, आरसीसीबीही शाबूत, मी तिथेच त्याच्या हातात पूर्ण पैसे ठेवले.