इटलीत मराठा पलटणीचा माणूस शोधायला निघालात? आधी सांग्रोचा रस्ता ऐका

घरच्या ट्रंकेत इटली स्टार (दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्यांना मिळालेलं पदक) सापडला म्हणून थेट कॅसिनो गावातल्या युद्धस्मारकाचं तिकीट काढू नका. हे एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी माझे पाय दुखल्याचं सार्थक झालं.

आमच्या ट्रंकेत आजोबांचा सहा टोकांचा पितळी तारा होता. लाल-पांढरी-हिरवी फीत, पाठ कोरी, नाव-गाव काही नाही. सोबत इटलीतल्या बारी शहरात कुठल्याशा स्टुडिओत काढलेला फोटो. आजोबा आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला एक जण. मागे मोडीत त्याचं नाव, पलटणीचा नंबर आणि गाव. आजी एवढंच सांगायची, "ह्यांचा दोस्त होता, परत आला नाही." आजोबांनी कधी विषय काढला नाही. मोडी वाचून देणारे अजून भेटतात, तो भाग सोपा. अवघड पुढे होतं.

त्या दोस्ताचा माग काढायचं काम एका शोध-सेवेला दिलं. त्यांनी अठरा हजार रुपये घेतले आणि सोनेरी कडांचं प्रमाणपत्र पाठवलं: नाव जुळतंय, पलटण मराठा, ठिकाण कॅसिनो मेमोरियल. नोंदीचं पान मागितलं तर "ते गोपनीय असतं". कसलं गोपनीय! कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही महायुद्धांत पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर नोंद फुकट दिसते आणि प्रमाणपत्रही फुकट उतरवून घेता येतं. यासाठी कोणालाही एक पैसा देऊ नका.

कॅसिनोबद्दल तक्रार नाही. रोमहून गाडी आहे, जागा छान राखली आहे. ज्यांची कबर किंवा दहनाची जागा ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक जणांची नावं तिथे कोरली आहेत. ३/५ मराठाचे (म्हणजे ५व्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीचे) नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४ ला पडले, त्यांचंही नाव तिथेच. ते वाचून ऊर भरून आला. आणि 'आमचं' नाव? होतं की. फक्त नंबर वेगळा, बापाचं नाव वेगळं, गाव भलत्याच तालुक्यातलं. मराठा पलटणीत एका नावाची माणसं ढिगाने. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही, नंबर जुळला पाहिजे. अठरा हजार घेणाऱ्यांना फोटोमागचा नंबर आम्ही पहिल्याच दिवशी दिला होता.

त्या रात्री हॉटेलात बसून कमिशनच्या संकेतस्थळावर नुसता नंबर टाकला आणि दोन मिनिटांत माणूस निघाला. आडनावाचं स्पेलिंग असं काही होतं की नावाने शोधून जन्मात सापडला नसता. ठिकाण: सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल. महिना डिसेंबर १९४३.

हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या हिंदू शिपायांची कबर शोधत बसू नका, बहुतेकांचं दहन झालं. त्यामुळे थडग्यांच्या ओळीत नाव नसतं, वेगळ्या स्मारकावर असतं. कुठल्या स्मारकावर ते साल आणि डिव्हिजनवरून कळतं. १/५ मराठा ही ८व्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोला उतरली आणि बिफेर्नो, त्रिन्यो या नद्या करत नोव्हेंबरात सांग्रो नदीवर पोचली. तेव्हा नदीला पूर होता, बांधलेले पूल वाहून जात होते. त्या हिवाळ्यात गेलेला माणूस असेल तर आधी सांग्रो पाहा. १९४५ च्या वसंतातला, सेनियो नदीवरचा असेल तर फोर्लीचं स्मारक. बेपत्ता असेल तर कॅसिनो.

सांग्रोला जायचं तर कॅसिनोहून परत रोम आणि तिथून किनाऱ्यावरचं पेस्कारा शहर. रोमच्या तिबुर्तीना स्थानकाहून बस घ्या. रेल्वे डोंगरातून रमतगमत जाते, बस लवकर पोचवते. पेस्कारा, समुद्र वगैरे ठीक आहे.

आता तो रस्ता. स्टेशनचं नाव फोसाचेसिया-तोरिनो दि सांग्रो. नकाशावर ते आणि स्मारक जिथे आहे ती युद्धातली स्मशानभूमी यांत बोटभर अंतर दिसतं. प्रत्यक्षात स्टेशनाबाहेर चिटपाखरू नाही. टॅक्सी नाही, बस दिसली नाही, तिकीटखिडकी बंद. चालायला लागलो तर पुढे हमरस्ता. शेजारून ट्रक सुसाट जातात, फुटपाथ नाही, लोखंडी कठडा आणि गाडी यांच्यामध्ये फूटभर जागा. जून महिना, ऊन बारा वाजल्यासारखं सकाळी दहालाच. मी ट्रेकिंग करणारा माणूस आहे, चढाची भीती नाही. पण डोंगरावर मरणं आणि ट्रकखाली मरणं यात फरक आहे. एक दुधाचा टँकर इतक्या जवळून गेला की पाठीवरची सॅक हलली. पूल ओलांडताना खाली पाहिलं तर नदीत निम्मे गोटेच. यातच पूल वाहून गेले होते, हे तिथे उभं राहून खरं वाटत नाही.

पुढे हमरस्ता सुटतो आणि चढ लागतो. झाडी येते, जीवात जीव येतो. पण चालत जाऊ नका, हा माझा स्पष्ट निर्णय आहे. दोन पर्याय आहेत. पेस्काराहून भाड्याची गाडी, माणसं तीन-चार असतील तर हीच. नाहीतर सायकल. जुना रेल्वेमार्ग उखडून किनाऱ्याने सायकलरस्ता केलाय, सपाट आहे, ट्रक नाहीत, फक्त शेवटचा चढ दमवतो. सायकलरस्ता मला कळला तो परतताना, ज्या टॅक्सीवाल्याने स्टेशनापर्यंतचे सत्तर युरो सांगितले त्याच्या खिडकीतून. मी दिले. अंगात त्राण नव्हतं आणि भांडण्याइतकं इटालियनही नव्हतं. बसण्याआधी भाव ठरवा, आकडा कागदावर लिहून घ्या.

स्मशानभूमीत २,६०० हून अधिक कबरी आहेत, त्या ओलांडून स्मारकाकडे जा. पाचशेहून अधिक भारतीय नावं. आधी रेजिमेंट, मग हुद्दा, मग आद्याक्षर अशा क्रमाने पाहा. मला नाईकांमध्ये तो सापडला. अक्षरांवरून बोट फिरवलं तेव्हा दगड तापलेला होता. मग खाली बसलो आणि मोठ्याने हसलो, का ते विचारू नका. टँकर, सत्तर युरो, सोनेरी प्रमाणपत्र, सगळं माफ. (प्रमाणपत्र नाही. ते माफ नाही.)

फोटो काढायचा तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर काढा. तिरपा उजेड पडला की कोरीव अक्षरं वाचता येतात, माझे भरदुपारचे सगळे पांढरेफटक आले. दगडावर तेलाचा दिवा लावू नका, डाग जात नाही. फुलं ठेवा.

खरा शोध घरी येऊन पुढे सरकला. कमिशनच्या नोंदीत बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव आणि जिल्हा होता. जिल्हा 'सातारा' लिहिलाय म्हणून साताऱ्यात हिंडू नका. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला, तोवर त्यातला बराचसा भाग साताऱ्यातच होता. आमचं गाव सांगलीत निघालं. तसंच 'रत्नागिरी' म्हणजे सिंधुदुर्गही असू शकतं, तो १९८१ चा. गावात पोचल्यावर तलाठ्यापेक्षा म्हातारी माणसं गाठा आणि बायकोच्या नावाने विचारा. शिपाई विशीत गेला, त्याला कोण ओळखणार? ती मात्र पुढे चाळीस वर्षं त्याच गावात पेन्शन घेत होती. पुतण्याचं घर त्यावरूनच सापडलं. त्यांच्याकडे त्याचा एकही फोटो नव्हता. मूळ फोटो त्यांना दिला, प्रत आमच्याकडे ठेवली.

घरात जुनी पाकिटं असतील तर फेकू नका. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात गाव नसतं, क्रमांक असतो, त्यावरून पलटण कुठे होती ते लागतं. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद असेल तर नंबर तिथेच मिळेल. तो घेऊन बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, नातं दाखवणारे कागद जोडा. ३/५ चा माणूस असेल तर ध्यानात ठेवा, ती पलटण १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, आज ती २ पॅरा आहे.

आणि सांग्रोला रविवारी जाऊ नका, गाड्या तुरळक. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी यंत्रात घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. पाणी पेस्काराहूनच भरून न्या, त्या स्टेशनावर काही मिळत नाही.