आंबेनळी घाट, ऑटोमॅटिक गाडी आणि लाल थेंब

हरिहरेश्वरहून निघायलाच अकरा वाजले, पहिली चूक तिथे झाली. मे महिना, गाडीत सात माणसं, टपावर आंब्याच्या चार पेट्या, आणि पोलादपूर सोडून आंबेनळीला लागलो तेव्हा ऊन अगदी डोक्यावर. पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर. मधले चाळीसेक किलोमीटर नुसती वळणं आणि चढ.

पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक. त्याच्या मागे पंधरा-वीसच्या वेगाने रांगत होतो. माझी गाडी सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली डिझेल; म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे तेलामार्फत जाते. इतक्या कमी वेगात कन्व्हर्टरचा लॉक-अप, म्हणजे दोन्ही थेट जोडणारा क्लच, लागत नाही. इंजिनाची बरीच ताकद तेल घुसळण्यातच जाते आणि ते तापतं. त्यात हे तेल थंड करणाऱ्या कूलरला वारा नाही. ब्लूटूथ स्कॅनरवर तेलाच्या तापमानाचा एरवी नव्वद अंशांच्या आसपास असणारा आकडा ११० झाला, १२० झाला, १२६ला डॅशबोर्डवर गिअरचा दिवा पेटला. त्याआधीच आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढत होता, पण गाडी तेवढी ओढत नव्हती. मी खापर माणसांच्या वजनावर फोडलं!

प्रतापगडाखालच्या वाडा गावात सरबताच्या टपरीशी थांबलो. अशा वेळी इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये तेल थंड होऊ द्या असं सांगतात. बरोबर आहे, पण आधी खाली वाकून बघा. धार लागली असेल तर इंजिन तत्काळ बंद, नाहीतर पंप उरलंसुरलं तेल रस्त्यावर ओतेल. टपरीवाल्याकडून पुठ्ठा घेऊन गाडीखाली सरकवला. दहा मिनिटांत तीन लाल थेंब. कूलंटही लाल-गुलाबी असू शकतं, म्हणून बोटावर घेऊन चोळलं: पाण्यासारखं नाही, बुळबुळीत. एटीएफच, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. थेंब पडत होते रेडिएटरच्या डाव्या अंगाला, जिथे कूलरची रबरी नळी धातूच्या पाइपला जोडली आहे. क्लॅम्प सैल होता, स्क्रूड्रायव्हरने आवळला.

ज्यांचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला आहे, त्यांनी कूलंटची बाटली बाहेरूनच बघावी. गरम असताना झाकण उघडू नये. आत गुलाबी मिल्कशेकसारखं काही दिसलं तर कूलर आतून फुटलाय. मग गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पाणी गिअरबॉक्समधल्या क्लचची वाट लावतं. उचलायचीच झाली तर फ्लॅटबेडवर; चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर पंप बंद असल्यामुळे आत तेल फिरत नाही.

आमची बाटली स्वच्छ होती. हँडब्रेक, चाकामागे दगड, इंजिन न्यूट्रलला, एसी बंद. चाळीस मिनिटांनी आकडा ९०वर आला. पुढचा चढ मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या गिअरवर काढला, तोही पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून, म्हणजे थांबा-निघा होत नाही.

पसरणी उतरून वाईत एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने बॉनेटही उघडलं नाही. "साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." म्हटलं, आधी लेव्हल बघा. "याला डिपस्टिकच नाही हो." डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) नाही हे खरं, पण लेव्हल बघता येते. दुसऱ्या दिवशी पुण्यात दुसऱ्याने लिफ्टवर गाडी सरळ उभी केली, इंजिन चालू ठेवून गाडीच्या मॅन्युअल पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला ओव्हरफ्लोचा बोल्ट काढला; लेव्हल पुरेशी असेल तर तिथून तेल बाहेर येतं. थेंबही आला नाही. जवळजवळ एक लिटर तेल कमी होतं. तेल तपकिरी झालेलं, पण जळका वास नाही आणि गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमध्ये धातूची चमकी नाही. म्हणजे वेळेवर थांबलो. कूलरच्या जाळीत चिखल आणि गवत मात्र पक्कं बसलं होतं. ते हलक्या पाण्याने धुतलं. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पात्या वाकतात.

नळी नवी, तेल नवं, तेही त्या पुस्तिकेतल्याच ग्रेडचं. 'लाइफटाइम तेल', म्हणजे कधी बदलायलाच नको, हे मी तरी मानत नाही, घाटात फिरणाऱ्याने तर नाहीच.

टपरीवाल्याला निघताना सहा हापूस दिले होते. पुठ्ठा त्याने परत मागितला नाही.