सगळे सारखेच

मंगळवार, रात्री उशिरा

मी जपानहून आणलेले चेरीच्या बहराचे फोटो बघून माई गवार मोडता मोडता म्हणाल्या, "छान आहेत गं, पण सगळे सारखेच वाटतात." एवढंच. लगेच आमटीत मीठ घातलंस का, ते विचारलं. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र दिवसभर तेच.

टोकियोत चिदोरिगाफुचीच्या खंदकाकाठी मी कोपरं खात उभी राहिले. (होडीच्या रांगेत शिरले नाही. वल्हवायची होडी एकटीने काय घ्यायची. जाऊ दे.) क्योतोत कालव्याकाठच्या त्या तत्त्वज्ञांच्या वाटेवर गर्दी नको म्हणून उजाडायच्या आत पोचले, बोटं गारठली होती. आणि सगळ्याचा हिशेब काय, तर सारखेच! फोटो वाईट आलेत म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसले, त्यांना खोटं पाडायला. फांदीखाली उभं राहून वर कॅमेरा करून काढलेले फोटो उघडले, तारखा झाकल्या. टोकियो कुठलं नि क्योतो कुठलं, मलाच सांगता येईना. त्याच पाच पाकळ्या, तोच रंग. खरं तर जवळजवळ पांढराच. गुलाबी आपण घरी येऊन करतो. मागे ढगाळ आकाश असलं की कॅमेरा फसतो, फुलं राखाडी दिसतात, उजेड वाढवून घ्यावा लागतो. एवढा खटाटोप, आणि सारखेच.

गंमत अशी की ती आहेतच सारखी. शहरांतून दिसतात ती बहुतेक झाडं सोमेइ-योशिनो या एकाच जातीची. एदो काळाच्या अखेरीस, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, सोमेइ गावच्या माळ्यांनी ही जात विकायला काढली. ते गाव आता टोकियोतच आलंय. बी लावून नाही, कलमं करून वाढवलेली, म्हणजे मुळात सगळं एकच झाड. म्हणून तर एका गावातली सगळी एकदम फुलतात, आणि यासुकुनी देवळाच्या आवारातल्या एका ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की टोकियोत बहर सुरू झाल्याचं हवामान खातं जाहीर करतं.

माई जाग्याच होत्या. मोठ्या तोऱ्यात जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आपल्या हापूससारखंच की. कलमी." आणि वर, "पण देवगडचा कुठला नि रत्नागिरीचा कुठला, ते मी नुसत्या वासावरून सांगेन हो." हे त्या सांगणारच. माहेर आहे.

मग त्यांनीच फोटो पुन्हा मागितले. हिरोशिमाच्या एका फोटोवर थांबल्या. मोतोयासु नदीचा काठ, पलीकडे अणुबॉम्बनंतर उरलेला तो घुमटाचा सांगाडा, अलीकडे झाडाखाली निळी ताडपत्री अंथरून डबे उघडून बसलेली माणसं. मी तो घुमटासाठी काढला होता. फुलं आणि घुमट एका चौकटीत बसवायला किती वेळ घालवला होता. माईंनी बोटांनी मोठं केलं ते खालचा कोपरा. ताडपत्रीच्या कडेला बुटांची ओळ, टाचा आत, टोकं बाहेर, मध्येच पोराचे वीतभर लाल बूट, त्यातला एक कलंडलेला.

"बघ कसे लावलेत. आपल्याकडे सत्यनारायणाला दारात पाय ठेवायला जागा नसते."

ते बूट मी पाहिलेच नव्हते. घुमटाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, मीही नाही.

उद्या ओसाकाचे दाखवीन. टाकसाळीच्या आवारात 1883 पासून वसंतात काही दिवस लोकांना सोडतात. तिथली झाडं बहुतेक दुहेरी पाकळ्यांची, उशिरा फुलणारी, गेंदेदार, कितीतरी जातींची. तेही सारखेच म्हणाल्या तर काय करायचं, ते उद्या बघू.

दुसऱ्या तिकिटाचे पैसे अजून परत आलेले नाहीत. आले की लेन्स घेणार आहे, बरीचशी महागातली.