सिंगापुरात साडेपंधरा तास, बाबांसोबत

मेलबर्नला ताईकडे दोन महिने राहून बाबा परत निघाले होते आणि त्यांना आणायला मी गेले होते. परतीची स्वस्त तिकिटं बघताना एक पर्याय दिसला: सिंगापूरला संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी उतरायचं आणि मुंबईचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला. ताई म्हणाली, "बाबांना रात्रभर विमानतळावर बसवणार आहेस का?" बसवायचं नव्हतंच, बाहेर पडायचं होतं.

बाहेर पडण्याआधी व्हिसाचं बघा, तिकीट काढण्याच्याही आधी. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. पण तिसऱ्या देशात जाता-येता तुम्ही तिथे थांबत असाल, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, जपान अशा काही ठराविक देशांपैकी एकाचा वैध व्हिसा जवळ असेल आणि ९६ तासांच्या आत पुढे जाण्याचं पक्कं तिकीट असेल, तर व्हिसाशिवाय शहरात जाता येतं. शेवटचा शब्द मात्र काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा. नियमांची बारीक अक्षरं सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर वाचून घ्या, एजंटच्या भरवशावर राहू नका. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो ईमेलमधल्या पत्रातच असतो. मी दोघांच्या पत्रांचे आणि पुढच्या तिकिटांचे प्रिंट नेले होते. काउंटरवरच्या बाईंनी नेमके तेच मागितले.

दुसरं म्हणजे एसजी अरायव्हल कार्ड, सिंगापुरात शिरण्याआधी भरायचा फॉर्म. पोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट असतं. ते भरून देण्याचे पैसे मागणाऱ्या साइट्स सर्चमध्ये वर येतात, त्यांच्या नादी लागू नका.

सामानाचं मेलबर्नच्या काउंटरवरच विचारून घेतलं. मोठ्या बॅगा थेट मुंबईला जाणार होत्या आणि दोन्ही विमानांचे बोर्डिंग पासही तिथेच मिळाले. इथे मी पहिली चूक केली. बाबांचे सुती शर्ट मोठ्या बॅगेत गेले आणि ते मेलबर्नच्या थंडीतला स्वेटर घालून विषुववृत्ताजवळ उतरले. हातातल्या बॅगेत एक पातळ जोडी, औषधं, टूथब्रश, छोटी छत्री आणि तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर एवढं असलं की रात्र निभते.

आता मेट्रो. स्थानिक कार्ड विकत घ्यावं लागत नाही, आपलं टॅप करायचं बँकेचं कार्ड गेटवर चालतं. परदेशी कार्डावर वापराच्या दिवशी थोडं शुल्क लागतं, पण एका रात्रीसाठी तेच सोयीचं. मात्र एका कार्डावर एकच माणूस. मी टॅप करून आत गेले आणि तेच कार्ड कठड्यावरून बाबांना दिलं. गेट लाल. पुन्हा लाल. मागे रांग वाढायला लागली. शेवटी बाबांनी पँटच्या आतल्या खिशातून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं स्वतःचं फॉरेक्स कार्ड काढलं. ताईने दिल्यापासून ते त्यांनी एकदाही वापरलेलं नव्हतं. गेट उघडलं. मग प्रत्येक स्टेशनवर "मी करतो गं" म्हणत तेच पुढे.

विमानतळावरून बहुतेक लोक ताना मेराहला गाडी बदलतात. आम्ही त्याच्या आधीच्या एक्स्पो स्टेशनवर उतरून निळी डाउनटाउन लाइन पकडली. वेळ फार वाचत नाही, पण बेफ्रंट, डाउनटाउन, चायनाटाउन आणि लिटल इंडिया ही सगळी स्टेशनं त्या एकाच लाइनवर आहेत. नवख्या माणसाने रात्रभर तेवढी एक लाइन धरून ठेवावी.

बेफ्रंटला पोचेपर्यंत आठ वाजत आले होते. स्टेशनातून चालत गार्डन्स बाय द बे हे उद्यान गाठता येतं. तिथल्या सुपरट्रीज नावाच्या कृत्रिम झाडांवर रोज पावणेआठ आणि पावणेनऊला पंधरा मिनिटांचा प्रकाश-संगीताचा खेळ होतो, फुकट. पलीकडे मरिना बे सँड्स हॉटेलसमोर पाण्यावर दुसरा खेळ असतो, आठ आणि नऊला, शुक्रवार-शनिवारी दहालाही. आकडे जुळवून बघा: पावणेआठचा झाडांचा खेळ गाठला तर नऊचा पाण्याचा आरामात मिळतो. पावणेनऊचा बघितलात तर तो संपतो तेव्हा पलीकडचा सुरू झालेला असतो आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटांची चाल असते. आमचा पावणेआठचा चुकला, आणि शुक्रवार-शनिवार नव्हता. पाण्याचा मी सोडून दिला. बाबांचे गुडघे घेऊन धावाधाव करण्यात अर्थ नव्हता.

ते बरंच झालं. ही झाडं म्हणजे पोलाद आणि काँक्रीटचे मनोरे, उंची २५ ते ५० मीटर, अंगावर खऱ्या वेली आणि फर्न. उभं राहून वर बघितलं तर पाच मिनिटांत मान आखडते. आजूबाजूची माणसं सरळ फरशीवर पाठ टेकून पडली होती. बाबांनी दोन मिनिटं इकडेतिकडे बघितलं, स्वेटर काढला, त्याची घडी घालून उशाशी घेतली आणि सदऱ्याची इस्त्री न बघता आडवे झाले. जमीन दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होती. दिवे सुरू झाले तेव्हा ते एकदाच म्हणाले, "गच्चीवर झोपल्यासारखं वाटतंय." स्वेटर शेवटी कामाला आला.

जेवायला एक स्टेशन मागे, डाउनटाउनला उतरून लाऊ पा सात. १८९४ सालची ओतीव लोखंडाची अष्टकोनी बाजाराची इमारत, आत खाण्याच्या टपऱ्यांची रांग आणि संध्याकाळनंतर शेजारचा रस्ता बंद करून लावलेल्या साते, म्हणजे काडीला टोचलेलं मांस, भाजणाऱ्यांच्या शेगड्या. शाकाहारी माणसाने आधी एक पूर्ण फेरी मारावी. भारतीय जेवणही मिळतं. जेवण झाल्यावर बाबा ट्रे तसाच ठेवून उठले, तर शेजारच्या टेबलावरच्या आजींनी न बोलता, फक्त बोटाने, ट्रे ठेवायचा रॅक दाखवला. २०२१ पासून इथे आपला ट्रे आपणच परत ठेवणं सक्तीचं आहे. बाबा घरी ताट उचलत नाहीत, हे मी आजींना सांगितलं नाही. मर्लायन, तो सिंहाच्या तोंडाचा आणि माशाच्या धडाचा पुतळा, राहिलाच, त्याचं मला काही वाटलं नाही.

आता दुसरी, मोठी चूक. मी शहरातच, लिटल इंडियात खोली घेतली होती. बेत असा की साडेपाचला उठायचं, खाडीकाठी सूर्योदय बघायचा आणि सात-साडेसातला विमानतळ. पावणेसहाला पडदा सरकवला तर बाहेर मिट्ट काळोख. सव्वासहाला तोच काळोख. सिंगापूर नकाशावर जिथे आहे त्या हिशेबाने तिथलं घड्याळ जवळपास एक तास पुढे आहे. १९८२ च्या १ जानेवारीपासून मलेशियाच्या बरोबरीने त्यांनी वेळ पुढे सरकवली. विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्याच आसपास मावळतो. म्हणजे सकाळी लवकर विमान असणाऱ्याला इथे पहाट नावाची गोष्ट हाताला लागतच नाही. जे काय बघायचं ते रात्री अकरापर्यंत बघून घ्या.

आणि म्हणून पुन्हा गेले तर शहरात खोली घेणार नाही. मेट्रो रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास आटोपते, शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवायची, तिच्या आधीच्या गाडीने विमानतळावर परतायचं, बोर्डिंग पास असेल तर इमिग्रेशन करून आत जायचं आणि आतल्या ट्रान्झिट हॉटेलात तासांच्या हिशेबाने खोली घ्यायची. ती आधी बुक करा, आयत्या वेळी मिळेल याचा नेम नाही. पायांना त्रास असेल तर विमानतळाच्या फुकट शहर-सहलीचाही विचार करा. साडेपाच ते चोवीस तासांचा थांबा असणाऱ्यांसाठी ती असते, पण तिथेही शहरात शिरण्याची कागदपत्रं लागतातच.

आम्ही सहा वाजून गेल्यावरच टॅक्सी केली. मध्यरात्रीपासून सहापर्यंत मीटरच्या निम्म्याइतका जादा अधिभार लागतो. बाबांना निदान विमानतळाच्या ज्युएल मॉलमधला धबधबा दाखवू म्हटलं. चाळीस मीटर उंच, छताखालचा जगातला सर्वांत उंच धबधबा, टर्मिनल एकला लागूनच, पण इमिग्रेशनच्या बाहेर. आदल्या संध्याकाळी उतरल्या उतरल्या वीस मिनिटं काढायला हवी होती. घाईत मी तो सकाळवर टाकला होता.

सकाळी सातला धबधबा बंद असतो. छताच्या मधोमध एक मोठं गोल भोक, खाली कोरडं पारदर्शक नरसाळं. बाबा कठड्याला टेकून वर बघत बराच वेळ उभे राहिले.

"इथे पाणी किती वाजता येतं म्हणे?"

"दहा-अकराला, बाबा."

"म्हणजे आपल्याकडच्यापेक्षा उशिराच."